पाचव्या रॅकवर पैज

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते, कारण ती मला फुकट मिळालेली नाही. भुताखेतांच्या गोष्टी मी दारातूनच परत पाठवते. तरी न्यूझीलंडमध्ये, अप्पर हट गावातल्या त्या दुपारी जे झालं, ते झालं तसं लिहिते.

माह जाँग हा टाइल्सचा खेळ मला शेजारच्या अमेरिकन आजींनी शिकवलं. लग्न करून त्या इकडे आल्या, तेव्हा खेळाचं खोकं सोबत आणलं होतं. खेळायला चौघं लागतात. पाचवं माणूस आलंच तर ते पैज लावतं. सुरुवातीची टाइल्सची अदलाबदल झाली की ते टेबलाभोवती फिरून चौघांचे हात, म्हणजे त्यांच्याकडच्या टाइल्स बघतं, कोण जिंकणार ते मनाशी ठरवतं, आणि मग डाव संपेपर्यंत तोंड बंद. टाइल्स लावायच्या प्रत्येक रॅकचा रंग वेगळा, त्या रंगाचं एक बटण. पैजेचं बटण उपड्या कपाखाली लपवायचं, ही आजींची पद्धत.

त्या दिवशी त्यांची मुलगी ऑकलंडकडच्या मनुरेवाहून आली होती. आजोबा गेल्यापासून आजी एकट्याच राहायच्या. त्यांना केअर होममध्ये हलवायचं का, हे तिला ठरवायचं होतं. आजींना घर सोडायचं नव्हतं. "डोकं ठिकाणावर असेल तर राहू दे तिला," ती मला दारातच म्हणाली. म्हणून पैज मी मुद्दाम आजींकडे दिली. चार हात वाचायचे म्हणजे डोकं लागतंच.

टेबल मी मांडलं. खोक्यात पाचवा, निळा रॅकही होता. तो मी खिडकीकडच्या कोपऱ्यावर ठेवला. पितृपक्षात आई एक पान वेगळं वाढायची, त्या सवयीने हात वळला असावा. माझी पुण्याची मैत्रीण हसली. "अगं, इथे कोण येणारे? कावळा?"

मी, मैत्रीण, समोरच्या घरातली बाई आणि मुलगी खेळायला बसलो. आजी एकेकीच्या मागून फिरल्या. माझ्या टाइल्स बघून नुसतं "हं" म्हणाल्या. चौघी झाल्या तरी थांबल्या नाहीत. निळ्या रॅकमागे जाऊन वाकल्या. त्यावर काही नव्हतं, पण त्यांचे डोळे सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकत गेले. मग त्या हसल्या. मुलगी आपल्या टाइल्स लावत होती, तिने पाहिलं नाही.

डाव अडला तो अडलाच. उचलायच्या टाइल्स संपल्या आणि कुणीच जिंकलं नाही. सगळ्यांनी हात उघडले. या खेळात आठ जोकर असतात; एकीकडेही एक नव्हता. टाकलेल्या टाइल्समध्येही नाही.

"असं कसं होईल?" मैत्रीण म्हणाली.

मुलीने कप उचलला. निळं बटण.

"मॉम, निळ्यावर कुणी बसलंच नव्हतं."

"मग जिंकलं कोण?"

"कुणीच नाही."

"मग बरोबरच आहे की माझं!"

सगळ्या खळखळून हसल्या. मुलगी केटल लावायला आत गेली. आजी माझ्या कानाशी लागल्या. "सगळे जोकर त्यानेच दाबले, डिअर. खोड जात नाही त्याची."

मी आवरायला घेतलं, तर ढिगातून जोकर एकेक करून हाताला लागत गेले. गार होते, नळाखाली धरल्यासारखे.

आत मुलीने विचारलं, "तू रोज बघतेस तिला. खरं सांग, राहील का एकटी?"

गुळमुळीत बोलणं मला जमत नाही. आजी काय बघत होत्या, काय म्हणाल्या, सगळं सांगितलं. मनात म्हटलं, गेलं आता आजींचं घर.

केटल उकळून बंद झाली. तिने चहा ओतला नाही.

"कुठल्या बाजूला बघत होती?"

"खिडकीच्या."

"डॅड तिथे बसायचे. आणि जोकर दाबून ठेवायचे. तुला कुणी सांगितलं होतं हे?"

"नाही."

ती ओट्याला टेकली. "मग मी हिला इथून कशी नेऊ?" एवढंच म्हणाली.

मुलगी परत निघाली तेव्हा आजी तिला निरोप द्यायला फाटकापर्यंत पुढे गेल्या होत्या. ती खिडकीजवळच्या खुर्चीच्या पाठीवरून आपला कोट उचलायला गेली. हात लावायच्या आधी जराशी थांबली आणि हळूच म्हणाली, "सॉरी." खोलीत मी होते, पण ती माझ्याकडे बघत नव्हती.