सदतीस, स्वल्पविराम, पाच

नवऱ्याला ताप होता, म्हणून त्या सकाळी झेंडूवर फवारणी करायला मी पहिल्यांदाच एकटी मळ्यात गेले. औषधाच्या बाटलीवर प्रमाण लिहिलं होतं : दोन लिटर पाण्याला पाच मिली. आमचा पंप पंधरा लिटरचा. जर्मनीत शिकणाऱ्या भाचीनं तिचा जुना मोबाइल मला दिला होता. त्यावर पंधरा गुणिले पाच, भागिले दोन केलं. उत्तर आलं ३७,५. आकड्यात स्वल्पविराम असतोच, म्हणून मी ते तीनशे पंच्याहत्तर वाचलं आणि तेवढं औषध पंपात ओतलं.

दोन वाफे फवारून घरी आले. नवऱ्यानं निम्म्याहून जास्त रिकामी झालेली बाटली हातात घेतली आणि तो अंथरुणातून उठूनच बसला.

"काहून वं, एका पंपात एवढं? सदतीस मिली टाकाचं असते!"

मी पुन्हा हिशोब केला, पुन्हा तेच उत्तर. भाचीला फोन लावला.

"मावशी, इकडे दशांश टिंबानं नाही, स्वल्पविरामानं दाखवतात. सेटिंग तसंच राहिलं असेल."

एवढ्याशा शेपटीनं दहापट विष ओतवलं होतं.

तो तापातच मळ्यात आला. आम्ही दोघांनी वाफ्यांवर पाणी मारलं, तरी तिसऱ्या दिवशी पानं करपली. करपलेली झाडं उपटताना मी रडले.

"मीबी तेच वाचलं असतं," तो म्हणाला आणि पुढचं झाड उपटायला वाकला.