टाकीवरचा ओरखडा

परवा एका गॅरेजपुढून जाताना पॉलिशचा वास आला आणि माझी पहिली मोटारसायकल आठवली. ती घेतली तेव्हा घरचे सगळे ऊसतोडीला गेले होते. चौसाळ्याजवळच्या आमच्या वस्तीवर मी आणि चार शेळ्या, एवढेच उरलो होतो. गाडीला ओवाळायला कुणी नव्हतं, म्हणून मीच कुंकवाचं बोट लावलं, आणि तेव्हाच टाकीवर नखाएवढा ओरखडा दिसला. नवीकोरी गाडी आणि हे असं! दुसऱ्या दिवशी तणतणत बीडला शोरूमवर गेलो. तिथला म्हातारा मिस्त्री फडक्यानं पॉलिश घासत बसला. घासता घासता घरी कोण असतं, भाकरी कोण थापतं, सगळं विचारत गेला, चहाही पाजला. महिनाभरात माझ्याशी इतकं कुणी बोललं नव्हतं. शेवटी फडकं झटकून म्हणाला, "बघा भाऊ, दिसतुय का आता?" टाकीत माझं तोंड लख्ख दिसत होतं. मी म्हणालो, "थोडा हाय अजून." त्यानं टाकीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि गुमान पुन्हा घासायला लागला. म्हाताऱ्याला नीट दिसत नसावं, असं मी कितीतरी वर्षं समजत होतो.