चाळीस बायकांची उत्तरं

सोडे, म्हणजे सुकवलेली कोळंबी, भाजल्याचा वास आला की मला माझी एमबीएची पदवी आठवते! पळस्प्याजवळच्या कोळंबीच्या कारखान्यात मी प्रबंधाचं काम करत होतो. दिवसभर उभ्याने कोळंबी सोलणाऱ्या चाळीस बायकांकडून प्रश्नावली भरून घ्यायची होती. पण तिथल्या बर्फाच्या गारठ्यात कोण उभं राहणार? मी पनवेलला मिसळ खात, चार रंगांच्या पेनांनी, चाळीसच्या चाळीस स्वतःच भरल्या. ‘पाय दुखतात का?’ ‘नाही.’ ‘छे!’ ‘अजिबात नाही!’ कारखान्याचे साहेब खूश झाले आणि माझा प्रबंध दाखवून त्यांनी बायकांनी मागितलेली स्टुलं नाकारली. शेवटच्या दिवशी त्यांच्यातल्या एका मावशीने मला फाटकापाशी गाठलं. “भाऊ, आमाला तुमी काय इचारलाच नाय. आता तरी इचारा.” मी घाईत रिक्षात बसलो. हा किस्सा मी चारचौघांत अगदी रंगवून सांगतो. मावशी मात्र आजवर कुणाला सांगितलेली नाही.