सारिकाताईंचा डबा

नातीला आणायला बालवाडीत जरा लवकरच गेले, तर संचालिका सुनंदाबाई पदर खोचून फरशी पुसत होत्या. एका मुलाने शू केली होती. वर्गाच्या सारिकाताई मात्र बाकावर निवांत डबा खात होत्या.

माझी नजर ओळखून सारिकाताई म्हणाल्या, "मी नोकरी सोडायला निघाले होते. बाईंनी कारण विचारलं. म्हटलं, दुपारपर्यंत पोटात घास जात नाही. तेव्हापासून या वेळेला वर्ग त्याच सांभाळतात."

माणसं टिकत नाहीत, अशी कुरकूर सगळीकडे ऐकते. जाणाऱ्याला कारण विचारून स्वतः पदर खोचणाऱ्या या पहिल्याच.

तेवढ्यात दुसऱ्याने चड्डी ओली केली. सारिकाताई उठू लागल्या.

"बस गं, हाही माझाच," म्हणत बाईंनी फडकं पिळलं.