सरळ रेघेत गेलेली लिची

गेल्या मे महिन्यात मी माझ्या चुलतभावाचं फळांनी लगडलेलं लिचीचं झाड लाटलं. तेही घरात, पंख्याखाली बसून, बोटाला माती न लागू देता.

आमची चिकूची वाडी घोलवडला. पश्चिमेला चालत जाण्याइतक्या अंतरावर समुद्र, पूर्वेला बांधाला बांध लागून प्रभाकरदादाची वाडी आणि तिच्या पलीकडे रेल्वेचे रूळ. दादा म्हणजे माझ्या मोठ्या काकांचा मुलगा. आमच्या दोघांमधला तो बांध सुरुवातीला नाकासमोर चालतो, मध्येच आमच्या बाजूला पोट काढतो आणि मग काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सरळ जातो. त्या पोटात लिचीचं झाड उभं आहे. वाटण्या झाल्या तेव्हा झाड काकांकडे गेलं, म्हणून बांधाने वळसा घेतला. त्या वळशापायी माझे वडील आणि काका शेवटपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. (लिची दोघांनाही आवडायची. वडील ती बाजारातून आणून खायचे!)

दादाने आणि मी तो अबोला मोडला. आता तो रोज संध्याकाळी बांध ओलांडून आमच्याकडे चहाला येतो, चहाला नावं ठेवतो आणि दुसरा कप मागतो. लिची पिकली की पहिली टोपली आमच्याकडे पोचवतो.

त्याच वर्षी आम्ही वाडीतल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी उघडल्या. हायवे सोडून तलासरीकडून येणारी माणसं घोलवडपर्यंत बिनचूक पोचायची आणि आमच्या फाटकाच्या आत आल्यावर हरवायची. चिकूची झाडं सगळी सारखीच दिसतात, त्याला कोण काय करणार?

"अहो, फाटकावर एक नकाशा लावूया," माझी बायको सुलभा म्हणाली.

"मी काढतो," मी म्हणालो.

सुलभाने माझ्याकडे पाहिलं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी काढलेली रांगोळी तिला आठवली असावी. पण ती बोलली नाही. बोलली असती तर पुढचं सगळं टळलं असतं!

आमची केतकी पुण्याला डिझाइन शिकते. तिचा जुना टॅब, पेन आणि चित्रं काढायचं सॉफ्टवेअर घरीच होतं. मी बसलो. पहिली रेघ मारली ती पावसाळ्यातल्या गांडुळासारखी निघाली. दुसरी त्या गांडुळाला शोधायला निघाल्यासारखी. शेवटी केतकीला फोन केला.

"बाबा, वर पट्टीचं चित्र दिसतंय? तो रूलर. तो लाव. मग तू पेन कसाही चालव, रेघ पट्टी सोडणार नाही."

लावला आणि काय सांगू! हात थरथरतोय, पेन डुगडुगतोय आणि रेघ मात्र सुतासारखी सरळ. कुंपण सरळ, वाटा सरळ, झाडांच्या ओळी सरळ. मी सुलभाला हाक मारून दाखवलं. मग विहीर काढायला घेतली. गोल फिरवायला गेलो तर एकाशेजारी एक अशा उभ्या रेघाच उमटल्या. विहिरीच्या जागी खराटा!

पुन्हा फोन.

"बाबा, विहिरीसाठी वेगळ्या लेयरवर जा."

"लेयर आपल्याकडे कुठे आहेत? अंड्यांच्या लेयर कोंबड्या त्या वेवजी गावच्या पोल्ट्रीत!"

केतकी इतकी हसली की तिला ते मैत्रिणींनाही ऐकवावंसं वाटलं आणि त्या नादात रूलर बंद कसा करायचा ते सांगायचं राहूनच गेलं. मी मागे हटलो नाही. पट्टी आडवी-उभी फिरवून विहीर चौकोनी केली. समुद्राचा किनारा धरणाच्या भिंतीसारखा बांधून काढला. झाडांचे तयार छाप होते, ते जिथल्या तिथे मारले, लिचीचासुद्धा. आणि शेवटी तंद्रीत, खालून वरपर्यंत, एका दमात बांध ओढला.

डहाणूहून फ्लेक्स छापून आला. फाटकावर लागला. संध्याकाळी दादा चहाला आला, फाटकापाशी थांबला आणि चष्मा पुसून वाचू लागला. मी कौतुकाची वाट पाहत शेजारी उभा.

"विनू, लिची कधी घेतलीस?"

"कुठली लिची?"

"बांध सरळ केलायस. झाड तुझ्यात आलंय."

मी पाहिलं. आलं होतं! "दादा, ते माझ्यामुळे नाही, रूलरमुळे झालं."

"हा रूलर कोण? तलाठी ऑफिसात नवीन आलाय?"

"नाही रे, टॅबमधला. तो लागला की रेघ वाकडी जातच नाही."

"असं होय," दादा शांतपणे म्हणाला. "तुझ्या वडिलांना जे जन्मभर जमलं नाही, ते तू एका रेघेत केलंस." आणि चहा न घेता आल्या पावली परत गेला.

फ्लेक्स मी तेव्हाच उतरवला. पण दादा दुसऱ्या दिवशी आला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. फोन केला तर वहिनी सांगायच्या, "ते वाडीत आहेत." सुलभा सवयीने तीन कप मांडायची आणि एक उचलून ठेवायची. लिची पिकून लाल झाली, बांधावरून दिसायला लागली, पण टोपली आली नाही. मला पहिल्यांदाच भीती वाटली. आमच्या घराण्यात अबोला धरायला वेळ लागत नाही, सोडायला लागतो.

"दुसरा नकाशा काढा," सुलभा म्हणाली. "आणि या वेळी बांध जसा आहे तसा!"

या वेळी मी आधी रूलर बंद करायचं ठरवलं. पट्टीच्या चित्राखाली आणखी बरीच चित्रं निघाली. त्यातल्या एकावर मधोमध रेघ आणि दोन बाजूंना फुलपाखरासारखे पंख होते. त्यावर बोट टेकवलं आणि काय आश्चर्य, रेघ वाकडी जाऊ लागली! सुटलो. रूलर बंद झाला.

(तो बंद झाला नव्हता. तो आरशाचा रूलर होता. मधल्या रेघेच्या एका बाजूला जे काढाल ते तो दुसऱ्या बाजूला आपोआप उलटं काढतो. हे मला केतकीने नंतर सांगितलं. सगळंच ती नंतर सांगते.)

मी शपथच घेतली होती की दादाच्या जागेत पेन घालायचाच नाही, ती बाजू कोरी सोडायची. म्हणून कागदाची डावी बाजू पडदाभर मोठी करून घेतली आणि मान वर न करता काढत बसलो. आमचं घर, गोल विहीर, वळणांची वाट, सुरूची झाडं, समुद्र, समुद्रात होडी. शेवटी बांध. त्याचं पोट मी इतक्या मायेने गोल केलं की दादाला बघून भरून यावं. आणि तसाच, पूर्ण चित्र न बघता, नकाशा डहाणूला पाठवून दिला.

दुकानदाराचा फोन आला. "शेठ, पाणी बेऊ बाजूला आहे. राहू देऊ ना?"

मला वाटलं, फ्लेक्स पावसात टिकेल का ते विचारतोय. "राहू द्या! उघड्यावर टांगायचाय. पाणी दोन्ही बाजूंनी लागणारच."

"जशी तमारी मरजी," तो म्हणाला.

दुकानदाराचा माणूस फ्लेक्स लावून गेला त्या सकाळी आम्ही दोघं बाजारात होतो. वापीहून एक कुटुंब यायचं होतं, नवरा-बायको, मुलं आणि एक आजी. परतलो तर त्यांची गाडी फाटकाशी उभी, माणसं गायब. सुलभा फाटकाकडे बघत राहिली.

"अहो... आपली दोन घरं कधी झाली?"

नकाशात दोन घरं होती. दोन विहिरी होत्या. पश्चिमेला समुद्र आणि होडी, पूर्वेलाही समुद्र आणि होडी! बांधाने इकडेही पोट काढलं होतं आणि तिकडेही, त्यामुळे मधे, लिचीच्या जागेवर, एक गुबगुबीत बेट तयार झालं होतं. आणि दादाच्या समुद्राकडेही तशीच वळणांची वाट जात होती, आणि फाटकाच्या आत त्याच बाजूच्या धुळीत ताजी पावलं उमटली होती.

"पाहुणे पूर्वेला गेले!" मी ओरडलो. "रुळांवर जातील!"

पिशव्या तिथेच टाकून आम्ही धावलो. बांध ओलांडला, दादाची वाडी पालथी घातली आणि हसण्याचा गलका ऐकू आला. दादाच्या झाडांना पाणी देणाऱ्या मोठ्या सिमेंटच्या टाकीत मुलं डुंबत होती. त्यांचे वडील टाकीत छातीभर पाण्यात उभे होते. आजी काठावर पाय सोडून बसली होती आणि तिच्या मांडीवर लिचीची टोपली होती. शेजारी दादा, लिची सोलून तिला देत.

"भाई, तमारो दरियो बहु सरस!" ते गृहस्थ मला म्हणाले. "खारोसुद्धा नथी!"

मी दादाकडे पाहिलं. दादाचा चेहरा गंभीर होता.

"ये विनू. पाहुणे समुद्र विचारत आले. तू मला दिलायस म्हटल्यावर नाही कसं म्हणू? पाणी जरा कमी होतं, म्हणून मोटार लावली."

"दादा, चुकलो. मी तुझ्या बाजूला पेनसुद्धा..."

"मी पाहिला सकाळीच," तो म्हणाला. "लिची बेटावर नेऊन ठेवलीस. ना तुझी, ना माझी." त्याने आणखी एक लिची सोलून आजीला दिली. "आपल्या म्हाताऱ्यांना हे सुचायला हवं होतं."

सुलभाने माझ्या वतीने विचारलं, "भाऊजी, चहाला येणार ना?"

"येतो. पण साखर नीट घाल. मागच्या वेळी सरबत केलं होतंस."

त्या दिवशी दादाने दोन कप घेतले आणि तिसराही मागितला.

वापीची मंडळी जाताना पुढच्या वर्षीचं ठरवून गेली. दादाकडे. ("एमने त्यां दरियो नजीक छे." त्यांच्याकडे समुद्र जवळ आहे ना!) त्यानंतर दादाने टाकीशेजारी दोन खोल्या काढल्या. फ्लेक्स मी उतरवला आणि त्या जागी साधी पाटी लावली. तिच्यावर एकही रेघ नाही, नुसती अक्षरं आहेत: 'रस्ता न सापडल्यास शेजारी प्रभाकरदादांना विचारावे.'

पाटी फार उपयोगी पडते आहे. आमचे पाहुणे रस्ता विचारायला दादाकडे जातात आणि तिथेच राहतात.