मागच्या सीटवरचा प्रबंध

पीएचडी वेळेत पूर्ण करायची तर कोणत्या सवयी लावून घ्याव्यात, यावर मी आमच्या कॉलेजात एकदा तासभर व्याख्यान दिलं होतं. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, फोन लांब, थोडं लिहा पण रोज लिहा. नव्यानं नोंदणी केलेल्या मुलींनी सगळं भक्तिभावानं उतरवून घेतलं. चहाच्या वेळी त्यातल्या एकीनं विचारलं, "मॅडम, तुमची कधी झाली?"

"चालू आहे," मी म्हटलं आणि बिस्किट तोंडात घातलं.

माझी तेव्हा शेवटची मुदतवाढ सुरू होती. वर्षअखेरीला प्रबंध दिला नाही तर नोंदणी रद्द, आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा श्रीगणेशा करण्याची माझी तयारी नव्हती. विषय होता माण तालुक्यातला: घरातले पुरुष मुंबईला गेले की मागे राहिलेल्या बायका घर कसं चालवतात. माझं सासर तिथलंच. त्यामुळे विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. तो आमच्या हॉलमध्ये बसून टीव्ही बघत होता. म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्या म्हणते.

विश्रामबागेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉल आत्यांचा. एक खोली बारावीतल्या लेकीची. तिथं पाय वाजवायचीही चोरी. दुसऱ्या खोलीत पलंग, आणि त्याची माझी जुनी मैत्री. उरलं स्वयंपाकघर. पण तिथं बसलेली बाई मोकळीच असते, अशी घरादाराची ठाम समजूत. नवरा शिरवळच्या कारखान्यात. आठवडाभर तिथं खोलीवर राहायचा आणि शनिवारी एका सहकाऱ्याच्या गाडीतून घरी यायचा. आमची गाडी खाली पार्किंगमध्ये धूळ खात उभी असायची.

एका सकाळी मी लॅपटॉप घेऊन त्या गाडीत जाऊन बसले. पुढं स्टिअरिंग पोटाला लागतं म्हणून मागच्या सीटवर. मांडीवर उशी, उशीवर लॅपटॉप. आणि काय सांगू, एक पान लिहून झालं! आनंदानं दार उघडायला गेले तर उघडेना. लेक लहान असताना मागच्या दारांना चाइल्ड लॉक लावलेलं होतं, आतून उघडू नये म्हणून. लेक बारावीला गेली तरी ते काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. पुढच्या दोन सीटमधून पलीकडं जाता येतं खरं, पण माझ्या देहाचा त्या योजनेला पाठिंबा राहिलेला नव्हता. एक पाय गेला, बाकीची मी मागेच. शेवटी आत्यांना फोन केला.

त्या पदर सावरत खाली आल्या. "आत बसून काय करतीस गं?"

"अडकलेय. दार उघडा."

"लिवलंस का कायतरी?"

"एक पान."

आत्यांनी दाराकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "मग बरं हाय की हे," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून रीतच पडली. सकाळी मी मागं बसायची, काच अडकून चार बोटंच खाली यायची तेवढी ठेवायची, आत्या बाहेरून दार लावायच्या आणि माझा फोन घेऊन वर जायच्या. कॉलेजची वेळ झाली की सोडवायला यायच्या. लहानपणी त्यांनी बापाची मेंढरं कोंडली होती. सून म्हणजे एकच नग, आणि तोही पळण्यातला नव्हे.

फेऱ्या मारणारे वरच्या मजल्यावरचे काका रोज काचेत डोकावायचे.

"कुठं निघालात?"

"कुठं नाही."

"बरं, बरं. बसा निवांत."

आत्यांना इतकंच कळत होतं की रोज पान भरलं पाहिजे, आणि ते त्या स्वतः बघायच्या. एके दिवशी डोकं चालेना, तेव्हा मी अक्षरांचा आकार वाढवून पान भरवलं आणि लॅपटॉप काचेला लावला. त्या वाकून बघत राहिल्या.

"आज अक्षरं लय गुटगुटीत झाल्यात गं. काल तर रोड व्हती."

"आत्या, मला लेक्चर आहे, उशीर होतोय!"

"मग लिव की बिगीबिगी," असं म्हणून त्या कोथिंबीर घ्यायला गेल्या.

चिडून मी लिहायला लागले, आणि नेमकं सुचायला लागलं तेव्हा त्यांनी दार उघडलं. वाक्य अर्धंच राहिलं. दिवसभर ते डोक्यात ठणकत होतं, आणि दुसऱ्या दिवशी बसल्या बसल्या तिथूनच पुढं सुरू झालं. तेव्हापासून मी मुद्दाम अर्धं वाक्य सोडून उठायला लागले. व्याख्यानात ही सवय सांगायची राहिली होती. मला ती माहीतच कुठं होती! घाम यायचा, कंबर धरायची, बाहेर सगळी सोसायटी मोकळी हिंडताना दिसायची आणि मी काचेमागं. पण एकेक प्रकरण हातावेगळं होत गेलं.

फक्त निष्कर्षाचं प्रकरण उरलं असताना नवऱ्याच्या त्या सहकाऱ्याची बदली झाली. आमची गाडी शिरवळला गेली आणि माझं लिखाण बसलं. जेवणाच्या टेबलावर बसले तर भाजी निवडून उठले. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये बसले तर जो तो "झालं का?" विचारून जायचा. मुदत जवळ आलेली. मग मी रजा टाकली, लेकीला आत्यांच्या हवाली केलं आणि नवऱ्याच्या खोलीवर शिरवळला गेले.

तिथं एक खाट, एक टेबल, एक खुर्ची. नवरा सकाळीच कामावर जायचा. जाताना म्हणायचा, "आता तरी उरक बाई, मला पण जरा मिरवू दे." मग दिवसभर मी एकटी. बाहेर हायवेवरच्या ट्रकांचा आवाज, बाकी हाक मारणारं कुणी नाही. पहिल्या दिवशी मी गॅसची शेगडी घासली. दुसऱ्या दिवशी नवऱ्याचे सगळे शर्ट इस्त्री केले, न घालायचेसुद्धा. तिसऱ्या दिवशी पंख्याची पाती पुसायला खुर्चीवर चढले असताना आत्यांचा फोन आला.

"गावाकडनं बोलावणं आलतं. पुढल्या महिन्यात पुतण्याच्या पोराचं जावळ हाय. मी सांगून टाकलं, तिची पीएचडी चालू हाय, ती काय यायची न्हाई."

"बरं केलंत," मी म्हटलं. आणि मला इतकं गार वाटलं, की फोन ठेवल्यावर मी तशीच खुर्चीवर उभी राहिले.

पीएचडी चालू आहे. या एका वाक्यानं मला किती वर्षं सांभाळलं होतं! लग्नं, हळदीकुंकवं, सोसायटीची मीटिंग, वजन कमी करण्याचे सल्ले, 'पुढं काय?' असं विचारणारे पाहुणे, सगळं त्या वाक्यावर अडायचं. गाडीचं दार दुसरं कुणी लावत होतं, पण हे वाक्याचं दार मीच आतून धरून बसले होते. निष्कर्ष लिहिला की ते सुटणार.

खाली उतरले आणि लिहायला बसले. वाईट लिहिलं, पण लिहिलं. नवरा दोन दिवस बाहेरून डबा आणत राहिला. संपल्यावर गाईड मॅडमना पाठवलं. वाचून त्यांचा फोन आला.

"बरं झालंय. पण मुंबईहून परत आलेल्यांवर एक प्रकरण घातलं तर वजन येईल. तुम्ही म्हणत असाल तर खास बाब म्हणून आणखी मुदतीसाठी मी शब्द टाकते."

माझ्या तोंडात 'चालेल मॅडम' आलं होतं. अगदी ओठावर. इतकी वर्षं मी हेच तर म्हणत आले होते.

"नको, मॅडम," मी म्हटलं. "आहे तसंच देऊ."

मग त्या म्हणाल्या, "ठीक आहे. संदर्भसूची मात्र नीट तपासा."

मुदतीच्या आत प्रबंध दिला. विद्यापीठाच्या रजिस्टरमध्ये सही केली तेव्हा खिडकीमागचा माणूस जांभई देत होता. घरी आल्यावर आत्यांना म्हटलं, "जावळाला मी पण येते."

"आन् पीएचडी?"

"दिली."

आत्या जरा गोंधळल्या. "अगं बाय, मग आता पावन्यांस्नी काय सांगायचं?"

गावात मांडवामागं चुली पेटल्या होत्या. बकऱ्याचा रस्सा रटरटत होता आणि भाकरी थापणाऱ्या बायकांच्या रांगेत मला पाट मिळाला. माझी भाकरी गोल होईना. शेजारची चुलत जाऊ गालातल्या गालात हसली.

"तुमची ती पीएचडी चालू हाय म्हनं?"

"दिली की. संपली."

"व्हय? मग आता काय करतासा?"

"सध्या मोकळीच आहे," मी म्हटलं. तिनं माझ्या परातीत आणखी पीठ ओतलं.