माझ्या हळदीच्या दिवशीचा देव

माझे वडील, आप्पा, उंब्रजच्या देवळात प्रवचनं करायचे. ईश्वर एकच, तोच सगळ्यांत भरलेला, त्याला ना रूप ना भेद, हे ते इतक्या तळमळीनं सांगायचे की बाया डोळे पुसायच्या. माझी थोरली बहीण, अक्का, लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माहेरी आली होती. तीही रोज पुढं बसून ऐकायची.

ब्याण्णव साली माझं लग्न ठरलं. आई लहानपणीच गेलेली, मला अक्कानंच वाढवलं होतं. हळदीच्या सकाळी तिनं वाटी हातात घेतली आणि आप्पा म्हणाले, "तू नको. आत जाऊन बस."

"मला अक्काच लावणार," मी म्हटलं. कुणी लक्ष दिलं नाही.

अक्कानं सगळ्यांदेखत विचारलं, "आप्पा, माझ्यातला देव नवऱ्याबरोबर गेला का?"

"गप की गं, चांगल्या दिवशी!" चुलती ओरडली.

आप्पा खाली बघत म्हणाले, "ते परमार्थाचं झालं. हा व्यवहार आहे."

तिनं वाटी खाली ठेवली. मला हळद चुलतीनं लावली.

लग्न उरकल्यावर अक्कानं सांगलीत एका दवाखान्यात आयाचं काम धरलं. ती परत उंब्रजला आली नाही. आप्पांनी प्रवचनं थांबवली नाहीत, आणि बायांचं रडणंही थांबलं नाही. एकदा मी तिच्या खोलीवर गेले, तर तिथं साधी तसबीरही नव्हती.

"देव नाही मांडलास?" मी विचारलं.

"सगळीकडं आहे म्हणतात ना," ती स्टोला पंप मारत म्हणाली, "मग इथं वेगळी जागा कशाला अडवायची?"

मला हसू आलं नाही. तिलाही नाही.